मैत्रिणीच्या घरची कालवड

माझा धंदा गायी भरवायचा. कागदावर त्याला कृत्रिम रेतन म्हणतात, पण नेवासा तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीवर जाऊन हा शब्द उच्चारला तर समोरचा माणूस आपल्याकडं संशयानं बघेल. गाय माजावर आली की मला फोन येतो. मी मोटारसायकलला गोठवलेल्या रेताचा नायट्रोजनचा कॅन बांधून जातो, खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा मोजा चढवतो आणि पाच मिनिटांत काम उरकून हात धुतो. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. बारावीनंतर काही महिन्यांचा कोर्स केला आहे, एवढंच. सुरुवातीला मी लोकांना दुरुस्त करायचो, मग कंटाळलो, आणि पुढं पुढं, खरं सांगायचं तर, ते आवडायला लागलं.

या धंद्यात लाजेला जागा नसते. अंगणात खुर्ची टाकून चहा देता देता माणसं मला गायीची सगळी हकिगत सांगतात. कधी हंबरली, कुणावर चढली, अंगावरून काय गेलं, किती गेलं. नवऱ्याचं नाव कधी तोंडातून न काढणाऱ्या म्हाताऱ्या डोक्यावरचा पदर सावरत गायीच्या पिशवीबद्दल माझ्याशी दहा दहा मिनिटं बोलतात. पिशवी म्हणजे गर्भाशय. हा शब्द मी दिवसातून किती वेळा उच्चारतो त्याला हिशेब नाही. स्वतःच्या घरात, माणसाच्या संदर्भात, तो मी चाळिशी उलटेपर्यंत एकदाही उच्चारला नव्हता.

आम्हाला एकच मुलगी. हे लिहायला तिची परवानगी घेतली आहे. कुणाचंच नाव घालायचं नाही, ही तिची अट, आणि ती रास्त आहे.

ती पाचवीत असताना धंद्याचा फोन मी तिच्या हातात दिला. गाडीवर असलो की मला रिंग ऐकू येत नसे, आणि माज काही माझी वाट बघत थांबत नाही. फोन बहुतेक धारेच्या वेळी येतात, सकाळी नाहीतर संध्याकाळी, म्हणजे शाळेच्या आधी किंवा नंतर. तिला मी एक वही करून दिली आणि चार प्रश्न शिकवले. गाय कुणाची, कितवं वेत, माज कधी दिसला, आणि सोट कसा आहे. माजावरच्या गायीच्या अंगावरून जो चिकट स्राव जातो त्याला आमच्याकडं सोट म्हणतात. तो काचेसारखा स्वच्छ असला तर गाय भरायला योग्य. पांढरा असला तर पिशवीत पू आहे असं धरायचं आणि गाय भरायची नाही. हे तिला एकदाच सांगावं लागलं.

दहा वर्षांची पोर साठीच्या माणसाला फोनवर म्हणायची, "काका, पांढरा असंल तर पप्पा भरणार न्हाईत. आधी पिशवी धुवावी लागंल." माणसं हसायची आणि मला भेटल्यावर तिचं कौतुक करायची. मीही जाईन तिथं तिचे पराक्रम सांगायचो. डॉक्टरीण होणार, असं लोक म्हणायचे, आणि मी नको नको म्हणत ते ऐकून घ्यायचो.

ती आठवीत असताना एक दिवस बायको म्हणाली, "आता पोरीच्या हातात फोन देऊ नका."

"का? काय केलं तिनं?"

"केलं न्हाई काय. मोठी झाली ती."

मी बरं म्हणालो. आमच्या घरातलं या विषयाचं शिक्षण एवढंच झालं, आणि तेही मला मिळालं, तिला नाही. वही माझ्या बायकोकडं गेली. ती प्रश्न विचारायची नाही, नुसतं नाव लिहून ठेवायची. त्यामुळं माझ्या दोन दोन फेऱ्या व्हायला लागल्या आणि मी चिडचिड करायचो.

मुलीला महिन्यातले चार दिवस देव्हाऱ्याकडं जायची बंदी झाली. लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. गोठ्याला मात्र कसलाही विटाळ नव्हता, कारण धारा काढायच्या असत आणि डेअरीची गाडी कुणासाठी थांबत नाही. मी त्यावर कधी काही बोललो नाही. बायकांचं बायका बघतील असं म्हणून मोकळा झालो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक धडा होता, तो सरांनी घरी वाचून घ्यायला सांगितला. एका रविवारी ती तो वाचत बसलेली मला दिसली. पानावरचं चित्र बघून मी पाणी प्यायला उठलो.

अकरावीला ती तालुक्याच्या गावी कॉलेजला जायला लागली आणि त्या वर्षी ती वाळली. ताटात भाकरी तशीच राहायची. बोलणं कमी झालं. स्वतःचे कपडे स्वतः धुवायची आणि घराच्या मागं, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा ठिकाणी वाळत घालायची. बायको म्हणाली, अभ्यासाचं टेन्शन. मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. गायीनं दोन वेळा वैरण सोडली तर मी तिचा कान हातात धरून ताप बघतो. पोरीला मी नुसतं "नीट जेवत जा" म्हणालो.

उन्हाळ्यात नात्यातलं एक लग्न होतं. हळदीच्या वेळी माझी थोरली बहीण तिला चिडवायला लागली. "आता पुढला नंबर तुझा गं. अन् वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे बरं का." पोरगी उठली आणि मांडवाबाहेर उभ्या असलेल्या जीपमध्ये जाऊन बसली. जेवायलाही आली नाही. लाजली म्हणून सगळ्या हसल्या. मीही हसलो.

त्याच वर्षी माझ्या पेटीतलं जंतुनाशक लवकर लवकर संपायला लागलं. काम करण्याआधी आणि नंतर हात धुवायला, गायीची मागची बाजू धुवायला ते पाण्यात टाकून वापरतात. मी बायकोला बोललो, गोठ्यात जरा बेतानं वापर म्हणालो. ती म्हणाली, "मी त्या बाटलीला हात बी लावलेला न्हाई." मला वाटलं, नेहमीसारखी हात झटकते आहे. त्यावरून आमची थोडी वादावादीही झाली.

दिवाळी होऊन गेली होती. संध्याकाळच्या धारा आटोपल्या होत्या आणि मी हौदाजवळ गमबूट धूत होतो. मुलगी बादली घेऊन आली आणि माझ्या मागं उभी राहिली.

"पप्पा, एक कालवड हाय."

"कुणाची?"

"माझ्या मैत्रिणीच्या घरची. तिच्या पप्पांनी विचारायला सांगितलंय." मैत्रिणीचं गाव आमच्यापासून दहाबारा किलोमीटरवर. मी त्या बाजूला क्वचित जायचो.

"काय झालंय तिला?"

"पांढरं जातंय. आठ महिने झाले."

"आठ महिने? अन् आठ महिने करत काय हुते ते?"

"त्यांना वाटलं, आपोआप जाईल."

"वास येतो का?"

"थोडा."

"खाते का?"

"कमी खाते." मग ती म्हणाली, "अन् खाज सुटते तिला."

इथं मी हातातलं काम ठेवून मागं वळून बघायला हवं होतं. वीस वर्षांत मला एकाही माणसानं असं सांगितलेलं नाही की आमच्या कालवडीला तिथं खाज सुटते. गाय ते सांगत नाही आणि मालकाला ते दिसत नाही. दुसरं म्हणजे हा आजार बहुतेक व्यालेल्या गायीला होतो, जार, म्हणजे वार, अडकला, पिशवीत घाण राहिली, की मग. एकदाही न भरवलेल्या कालवडीला तो सहसा होत नाही. हे मी झोपेत विचारलं तरी सांगेन. पण मी बूट धूत होतो आणि मला भूक लागली होती.

"मग पिशवी गेली तिची," मी म्हणालो. "त्यांना म्हणावं, आता दवापाण्याच्या नादी लागू नका. घोडेगावचा बाजार दाखवा."

"बरी होणारच न्हाई का?"

"झाली तरी गाभण राहायची न्हाई. भाकड जनावर दावणीला बांधून काय करायचं?"

ती गेली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "घेणाऱ्याला सांगावं लागतं का, हिला असं असं हाय म्हणून?"

"सांगायलाच पाहिजे. न सांगता दुसऱ्याच्या गळ्यात मारायची, ही फसवणूक झाली."

"बरं," ती म्हणाली आणि बादली घेऊन आत गेली. मला आठवतं, मी स्वतःवर खूश होतो. बाजारात माणसं काय काय खपवतात ते मी बघितलेलं आहे, आणि आपली पोरगी असा प्रामाणिक प्रश्न विचारते याचं मला बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी बायको हसत हसत म्हणाली, "तुमची लेक काय म्हणती ऐकलं का? म्हणती, माझं लग्नाचं कधीच बघू नका. मी नोकरी करून एकटी राहीन." आम्ही दोघांनी त्यावर चहा पीत चेष्टा केली. सगळ्या पोरी असंच म्हणतात, असं आमचं ठरलं.

जानेवारीत एका कामासाठी मला त्या मैत्रिणीच्या गावाकडं जावं लागलं. काम उरकलं आणि परतताना मला ती कालवड आठवली. आठ महिने पांढरं जातंय म्हणजे कदाचित साथीचा रोग असेल, गोठ्यातल्या बाकीच्या गायींनाही लागला असेल, विकली नसेल तर निदान रक्त तपासायला सांगावं, असा मी विचार केला. विचारत विचारत घर शोधलं. मैत्रिणीचे वडील ओट्यावर बसून बोरं निवडत होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी उठून खुर्ची दिली.

"कालवड बघायला आलो हुतो," मी म्हणालो.

"कुठली कालवड?"

"ती पांढरं जात हुतं ती. तुमीच पोरीकडून निरोप पाठवला हुता."

"डॉक्टर, आमच्याकडं गाय कुठं हाय? दोन वर्षं झाली सगळ्या काढून टाकल्या. आता ह्या शेळ्याच." अंगणात बाभळीखाली चार शेळ्या आणि दोन करडं होती.

तेवढ्यात मैत्रीण पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं आमचं बोलणं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. मी म्हणालो, माझाच काहीतरी घोटाळा झाला असंल, दुसऱ्या कुणाची असंल. चहा घेतला नाही.

गावाबाहेर आल्यावर मी गाडी बाजूला घेतली. कांद्याच्या रानात बायका खुरपत होत्या. मी हौदाजवळचं ते सगळं बोलणं पहिल्यापासून मनात म्हटलं, तिचे प्रश्न आणि माझी उत्तरं, एक एक. मला माझी लाज वाटली. घाबरलो तर मी फारच. सतरा वर्षांच्या पोरीला मी तोंडावर सांगितलं होतं की तुझी पिशवी गेली, आता औषधाच्या नादी लागू नकोस, आणि तू आमच्या दावणीला कशाला. त्यावर तिनं बरं म्हटलं होतं आणि दूध घेऊन आत गेली होती.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. पहिल्यांदा तिला काही विशेष वाटलं नाही.

"पांढरं जाणं बायकांना असतंच," ती म्हणाली. "मला बी जातं. माझ्या आईला बी जायचं. अंगात उष्णता हाय म्हणून मी तिला धन्याजिऱ्याचं पाणी पी म्हणाले हुते."

"तुला माहीत हुतं?"

"पोरगी माझी हाय, मला माहीत नसंल व्हय? त्यात सांगत सुटायचं काय?"

"अन् खाज?"

त्यावर ती थांबली. "खाजेचं न्हाई सांगितलं तिनं मला."

मग मी हौदाजवळचं बोलणं तिला शब्दशः सांगितलं. घोडेगावचा बाजारही सांगितला. तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उलटली नाही, उतरवलीही नाही. मला वाटलं ती रडेल किंवा मला बोलेल.

"तुमीच बोला तिच्याशी," ती म्हणाली.

"मी? हे बायकांचं हाय. तू समजाव तिला."

"माझं ऐकंल का ती? तिच्या लेखी डॉक्टर तुमी हाय. डॉक्टरनं सांगितलेलं आईनं खोटं ठरवायचं का? तुमी सांगितलंय, तुमीच मागं घ्या."

मी बरं म्हणालो.

मी तीन दिवस घेतले. अनोळखी माणसाच्या गोठ्यात शिरून त्याच्या गायीबद्दल काय वाटेल ते विचारणारा मी, पोरीसमोर उभा राहिलो की कॉलेजची बस वेळेवर येते का, असं विचारायचो. मला शब्दच नव्हते. जे शब्द मला येत होते ते सगळे गोठ्यातले, ते पोरीसाठी वापरायचे म्हणजे तिला पुन्हा तिथंच नेऊन बांधायचं. पुस्तकातले शब्द माझ्या जिभेवर बसत नव्हते. एकदा मी तिचं जुनं विज्ञानाचं पुस्तक शोधून काढलं आणि गाडीच्या डिकीत ठेवून वस्तीवर घेऊन गेलो, तिथं चिंचेखाली बसून तो धडा वाचला. मला गायीबद्दल जेवढं कळत होतं त्याच्या चौथाईही माणसाबद्दल कळत नव्हतं. बायकोबरोबर अठरा वर्षं संसार करून ही अवस्था.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गोठ्यात आम्ही दोघंच होतो. ती कासेला हात लावून बसली होती, तिची पाठ माझ्याकडं होती. मी म्हणालो, "त्या कालवडीचं मी चुकीचं सांगितलं तुला."

तिचे हात थांबले.

"मी त्यांच्या घरी गेल्तो."

तिनं बादली जरा जवळ ओढली.

"त्यांच्याकडं शेळ्या हायेत."

गाय पाय हलवायला लागली तशी तिनं पुन्हा धार सुरू केली. मी घाईघाईनं बोलून टाकलं. माणसाचं आणि गायीचं एक नसतं. मला गायीतलं थोडं कळतं, माणसातलं काहीच कळत नाही. लोक डॉक्टर म्हणतात आणि मी म्हणून घेतो, पण मी डॉक्टर नाही. नगरला बायकांच्या एक डॉक्टरबाई आहेत, उद्या त्यांच्याकडं जायचं.

"मम्मीला माहीत हाय?" तिनं विचारलं.

"हाय."

"बरं," ती म्हणाली. आवाजावरून मला काही कळलं नाही.

खरं तर आईनं बरोबर यायचं ठरलं होतं. पण एक गाय विण्याच्या बेतात होती, दोघांतलं एकजण घरी पाहिजे होतं. मी म्हणालो, मी थांबतो, तुम्ही दोघी एसटीनं जा. मुलगी म्हणाली, "पप्पांना येऊ दे." बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि डबा भरायला घेतला.

नगरला जाताना मोटारसायकलवर आम्ही बोललो. समोरासमोर बसून जमलं नसतं. ती माझ्या मागं, मी रस्त्याकडं बघतोय, ट्रकांचा आवाज, अर्धं बोलणं वाऱ्यावर. ती म्हणाली, "पप्पा, पांढरं म्हंजी दर वेळी पू असतो का?" मी म्हणालो, "गायीत असतो. माणसाचं मला माहीत न्हाई. विचारू." पुढं तिनं आणखी दोन गोष्टी विचारल्या. त्या मी इथं लिहीत नाही. दोन्हीला मी "माहीत न्हाई, विचारू" हेच म्हणालो. मला माहीत नाही असं मी तिला त्याआधी कधी सांगितलेलं मला तरी आठवत नाही.

दवाखान्यात बाकांवर सगळ्या बायका, आणि कडेला भिंतीला टेकून दोनतीन पुरुष. मी मान खाली घालून बसलो होतो. तेवढ्यात त्या पुरुषांतला एकजण मला ओळखून जवळ आला. आमच्या शेजारच्या गावचा शेतकरी, सुनेला घेऊन आलेला. मोठ्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, ती माझी जर्सी उलटली बरं का. तिसऱ्यांदा भरली, तरी राहिना. पिशवीत दोष आसंल का वं?" आजूबाजूच्या एकाही बाईनं मान वर करून बघितलं नाही. गायीचं बोलणं होतं ते. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीनं ओढणीचं टोक मुठीत धरलेलं मला दिसलं. मी त्याला म्हणालो, "घरी आल्यावर बोलू." तो जरा नाराज झाला.

डॉक्टरबाई माझ्यापेक्षा वयानं लहान होत्या. त्यांनी मुलीला एकटीलाच आत घेतलं. खूप वेळ लागला. मग मुलीला विचारूनच मला आत बोलावलं. तिच्यासमोरच त्या बोलल्या.

"साधं इन्फेक्शन आहे. गोळ्या देते, बरं होईल. या वयात थोडं पांढरं जाणं नॉर्मल असतं, तो काही आजार नाही. हिला सुरुवातीला बहुतेक तेवढंच असावं. पण हिनं ते आजार समजून जनावरांच्या औषधाच्या पाण्यानं धुतलं, महिनोन् महिने, दिवसातून दोनदोनदा. त्यानं आतली कातडी दुखावली आणि मग खरोखरचं इन्फेक्शन झालं. ते औषध बंद, साबण बंद. बाहेरून साधं पाणी पुरे." मग त्या म्हणाल्या, "तिच्या समाधानासाठी पोटावरून सोनोग्राफीही केली. गर्भाशय अगदी व्यवस्थित आहे. तुमच्या मुलीनं मला विचारलं, मला मूल होणार नाही हे लग्नाच्या आधी मुलाकडच्यांना मी सांगायचं की वडिलांनी. हे हिच्या डोक्यात कुणी घातलं?"

"मी," मी म्हणालो.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गोळ्या कशा घ्यायच्या ते मुलीला पुन्हा एकदा समजावलं आणि तिच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं दिली. रस्त्यावर ज्या गोष्टींना मी माहीत नाही म्हणालो होतो, त्याही तिनं माझ्यासमोर विचारल्या. मी खुर्चीत बसून ऐकलं. पाणी प्यायला उठलो नाही. त्यातल्या एका उत्तरानं मला माझ्याच बायकोबद्दल अशी एक गोष्ट कळली, जी मला अठरा वर्षांपूर्वी माहीत असायला हवी होती.

परतताना एका रसवंतीवर थांबलो. दुपारचे तीन वाजले असतील. बायकोनं दिलेला डबा काढला आणि पोरीनं दोन चपात्या खाल्ल्या, मग तिसरी घेतली. मी ते बघतोय हे तिला कळू नये म्हणून चरकाकडं बघत होतो. माझ्या मते काम झालं होतं. रोग कळला होता, औषध मिळालं होतं, पिशवी चांगली निघाली होती. गोठ्यातून हात धुऊन निघताना जसं वाटतं तसं मला वाटत होतं.

डब्याचं झाकण लावता लावता ती म्हणाली, "पिशवी चांगली हाय म्हणाल्या."

"व्हय. ऐकलं मी."

"नसती तर?"

"म्हंजी?"

"खरंच खराब निघाली असती तर, पप्पा?"

"दवा केली असती."

"दवा करून बी झालं नसतं तर?"

"नसतं तर नसतं. तू हाय तशी राहिली असतीस. कॉलेजला गेली असतीस. कुणी काय बोललं असतं तर मी बघून घेतलं असतं."

मग माझ्याकडं न बघता, रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरकडं बघत तिनं विचारलं, "मला घालवलं नसतं?"

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. दिवाळीपासून ही पोरगी आमच्या घरात हा प्रश्न पोटात घेऊन जेवत होती, झोपत होती, धारा काढत होती, आणि आम्ही तिला घरात किती दिवस ठेवू याचा मनाशी अंदाज घेत होती. आजार तिचा आज बरा व्हायला लागला होता. हे त्या आजारापेक्षा वेगळं होतं आणि त्याला गोळी नव्हती.

"न्हाई," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. ग्लासातला उरलेला रस संपवला, तोंड पुसलं. आम्ही गाडीपर्यंत आलो. मी किक मारायच्या आत तिनं मागं बसून तेच परत विचारलं, त्याच शब्दांत, आणि मी गाडी स्टँडला लावली, खाली उतरलो, आणि या वेळी तिच्याकडं बघून न्हाई म्हणालो.